खिडकी क्रमांक सातवर हसण्यातून सूट मिळण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य नोंदणी अधिकारी,
जन्म-मृत्यू व विवाह नोंदणी कार्यालय,
दुसरा मजला.

विषय : मृत्यू नोंद खिडकीवरील कर्मचाऱ्यास दात दाखवण्याच्या सक्तीतून वगळणे व अर्जदाराची तळघरात झालेली बदली रद्द करणे.

संदर्भ : १) 'दर्शनी कर्मचाऱ्यांचे बाह्यस्वरूप व प्रसन्नता' हे आपले परिपत्रक.
२) अर्जदारास हसल्याबद्दल मिळालेला मेमो.
३) अर्जदारास न हसल्याबद्दल मिळालेला मेमो (दिनांक वरीलप्रमाणेच).
४) बदली आदेश.

महोदय,

१. अर्जदार या कार्यालयात सव्वीस वर्षे नोकरीस असून त्यांपैकी एकोणीस वर्षे तळमजल्यावरील खिडकी क्रमांक सात, म्हणजे मृत्यू नोंद, येथे काम पाहत आहे. (खरे तर गेल्या सोमवारपर्यंत पाहत होता.) या काळात अर्जदाराविरुद्ध एकही तक्रार नव्हती. एका गृहस्थांनी एकदा तक्रार वहीत 'खिडकीवरचा माणूस चांगला आहे, पंखा चालत नाही' असे लिहिले होते. त्यातील दुसऱ्या भागावर अद्याप कार्यवाही व्हायची आहे, परंतु तो या अर्जाचा विषय नाही.

२. सदर खिडकी अर्जदारास मुळात शिक्षा म्हणून मिळाली होती. त्यापूर्वी विवाह नोंदीत असताना अर्जदाराच्या हातून एका नवरदेवाच्या रकान्यात त्याच्या सासऱ्यांचे नाव पडले व तो दाखला घेऊन ते कुटुंब घरापर्यंत पोहोचले. त्यानंतर अर्जदारास सातवर बसवण्यात आले. पुढे तेथून सुटण्याची संधी तीनदा आली, ती अर्जदाराने तिन्ही वेळा लेखी नाकारली. कारणाच्या रकान्यात 'सवय झाली आहे' असे लिहिले. खरे कारण त्या रकान्यात मावत नव्हते, ते येथे लिहितो.

या खिडकीवर येणारा माणूस डॉक्टरांचा कागद इतक्या घड्या घालून आणतो की तो उलगडण्यातच मिनिट जाते. त्याला स्वतःचा पत्ता आठवत नाही. मृताचे वय विचारले की तो बोटांवर मोजू लागतो आणि मध्येच थांबतो. त्याच्या घरी त्या दिवशी सगळेच उलटेपालटे झालेले असते. अशा वेळी एका माणसाने त्याचे एक काम न चुकवता, नीट अक्षरात, घाई न करता करून दिले, तर त्याला तेवढा आधार होतो. हे अर्जदाराला जमते. दुसरे फारसे काही जमते असा अर्जदाराचा दावा नाही.

३. अर्जदाराच्या चेहऱ्याबाबत : तो जन्मतः लांबट, साधा, आनंदी म्हणता येणार नाही आणि दुःखीही म्हणता येणार नाही असा आहे. अर्जदाराची पत्नी त्यास 'बंद दुकान' म्हणते. परंतु खिडकी सातवर तो चेहरा चालत होता. समोरच्याने काही सांगितले तर ऐकून घ्यावे, नाही सांगितले तर विचारू नये, एवढीच तेथे चेहऱ्याकडून अपेक्षा असते.

४. संदर्भ क्रमांक एकचे परिपत्रक एका सोमवारी सकाळी सर्व खिडक्यांवर डकवण्यात आले. त्यानुसार दर्शनी कर्मचाऱ्यांची दरमहा तपासणी होऊन केस, नखे, कपडे, पादत्राणे व गंध यांस प्रत्येकी दहा आणि 'प्रसन्नता' या शीर्षाखाली पन्नास असे शंभर गुण ठरले. प्रसन्नता म्हणजे काय, याची व्याख्या तळटिपेत होती : 'वरच्या रांगेतील किमान आठ दात नागरिकास सहज दिसतील असे स्मित.' सलग तीन महिने साठपेक्षा कमी गुण पडल्यास कर्मचाऱ्याची रवानगी तळघरातील अभिलेख कक्षात होईल, असेही शेवटी नमूद होते.

तपासणीसाठी बाहेरून सौष्ठव प्रशिक्षिका नेमण्यात आल्या. कार्यालयात सगळे त्यांना मॅडम म्हणत, म्हणून अर्जदारही तसेच लिहितो. मॅडम वयाने अर्जदाराच्या मुलीएवढ्या, कामाला चोख आणि स्वभावाने अजिबात वाईट नाहीत. पूर्वी त्या मोठ्या हॉटेलांच्या स्वागतकक्षांत शिकवत. तिथे येणारा माणूस आणि सातवर येणारा माणूस यांत थोडा फरक असतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. सांगायला हवे होते, असे अर्जदाराचे नम्र मत आहे.

पहिल्या तपासणीत अर्जदारास एकोणतीस गुण पडले. (गुणपत्रक सोबत.) त्यातील शेरे असे : 'केस पांढरे. पाहणाऱ्यास कार्यालय जुने वाटते.' 'नखे उत्तम, शाईचा एक डाग.' 'गंध : नाही.' आणि प्रसन्नतेसमोर शून्य.

येथे नमूद करणे योग्य होईल की शेजारच्या खिडकी क्रमांक सहावर, म्हणजे जन्म नोंदीवर, जे सहकारी बसतात त्यांना कार्यालयात सगळे 'एरंडेल' म्हणतात. ते जन्मभर नुकतेच एरंडेल प्यायल्यासारखे दिसत आले आहेत. त्यांना प्रसन्नतेत दोन गुण पडले. तथापि सहावर येणारे नवे बाप इतके हवेत असतात की समोर खांब असला तरी त्याला मिठी मारतील. त्यामुळे एरंडेल यांचे काही बिघडले नाही. संध्याकाळी ते अर्जदारास म्हणाले, "तुझ्यापेक्षा मी दोन गुणांनी हसरा आहे." हे म्हणतानाही ते हसले नाहीत.

५. तळघर टाळण्यासाठी अर्जदाराने जे प्रयत्न केले, ते पुढीलप्रमाणे.

दात : अर्जदाराचा वरच्या रांगेतला डावीकडचा एक दात सहा वर्षांपूर्वीच गेलेला आहे. मॅडमनी पेन्सिलीच्या टोकाने मोजून सांगितले, "काका, आठ दिसायला हवेत. तुमचे सातच दिसतात." अर्जदाराने काढता-घालता येणारा एक दात करून घेतला. तो घातला की अर्जदाराला 'स' नीट म्हणता येत नाही, आणि खिडकीचा क्रमांक सात आहे.

सराव : पेन्सिल दातांत आडवी धरून सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटे आरशासमोर उभे राहावे, असे मॅडमनी सांगितले होते. अर्जदाराने तो सराव घरी सुरू केला. आठव्या दिवशी पत्नीने गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि समोर येऊन विचारले, "खरं खरं सांगा, काय करून बसलात?"

अर्जदार म्हणाला, "काही नाही."

"मग हसताय कशाला?"

एकतीस वर्षांच्या संसारात अर्जदार घरात असा विनाकारण हसलेला नव्हता, त्यामुळे तिचा संशय अगदीच अस्थानी म्हणता येणार नाही. परिपत्रकाची प्रत दाखवली तेव्हा तिचा विश्वास बसला. मात्र तिने आपल्या बहिणीला फोन करून 'यांच्या ऑफिसात आता दात मोजतात' असे कळवले व ते नातेवाइकांत सर्वत्र पसरले.

केस : रंगाचा लेप वीस मिनिटांनी धुवायचा होता. अर्जदार वर्तमानपत्र वाचत बसला आणि तासाभराने त्याला आठवण झाली. केस काळे झालेच, शिवाय कपाळावर दोन बोटे रुंद पट्टी उमटली, जी चार दिवस साबणाला दाद देत नव्हती. पत्नीने लांबून, मग जवळून पाहिले आणि म्हणाली, "तुम्ही हुबेहूब माझ्या बहिणीच्या नवऱ्यासारखे दिसता. आणि तो माणूस मला पहिल्यापासून आवडत नाही."

गंध : कार्यालयातून मिळालेली फवाऱ्याची बाटली अर्जदाराने सूचनेप्रमाणे वापरली. खिडकीसमोरच्या रांगेत शिंका सुरू झाल्या. आधीच डोळे पुसत असलेल्या लोकांमुळे, शिंकणारे किती आणि रडणारे किती, हे मात्र निश्चित सांगता येणार नाही.

६. याप्रमाणे सज्ज होऊन अर्जदार खिडकीवर बसला. पहिलेच गृहस्थ वयस्क होते. पत्नीची नोंद करायला आले होते. अर्जदाराने नियमाप्रमाणे आठ दात दाखवले. गृहस्थांनी वळून मागे पाहिले. मागे कोणी नव्हते. मग ते जाळीजवळ वाकून हळूच म्हणाले, "माफ करा हं, मी ओळखलं नाही. आपण कुठं भेटलोय का?" नोंद पूर्ण होईपर्यंत ते आठवण्याचा प्रयत्न करत राहिले. त्या दिवशी त्यांच्यावर तोही एक भार पडला, याचा अर्जदारास खेद आहे.

काम संपल्यावर प्रत्येक नागरिकास 'पुन्हा अवश्य या' असे म्हणणेही परिपत्रकानुसार बंधनकारक होते. अर्जदाराने ते एका मध्यमवयीन गवंड्यास म्हटले. त्याने दाखला खिशात ठेवता ठेवता अर्जदाराकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, "कुणाला घेऊन?"

त्या दिवसापासून अर्जदार हे वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणू लागला. दुसऱ्या तपासणीत त्याचे चार गुण गेले. बाकी केस, बूट, गंध सगळ्यांत प्रगती होती, तरी एकूण सत्तावन्नच झाले. साठाला तीन कमी.

७. आता संदर्भ क्रमांक दोन व तीनबाबत. हा सर्व प्रकार एकाच दिवशी घडला. येथून पुढे 'अर्जदार' असे लिहिणे मला जमत नाही, तरी क्षमा असावी.

सकाळी एक गृहस्थ वडिलांची नोंद करून गेले आणि जाताना तक्रार वहीत लिहून गेले की खिडकीवरचा माणूस आपल्या वडिलांच्या नावाला हसला. त्यांच्या वडिलांचे नाव चांगलेच होते. मी नियमाला हसलो होतो.

दुपारी एक तरुण बाई आली. पंचविशीची असेल. नवऱ्याचा कागद घेऊन आली होती. तिने तो जाळीखालून सरकवला आणि माझ्याकडे पाहिले. मी सराव केल्याप्रमाणे हसलो. ती माझ्या चेहऱ्याकडे बघतच राहिली, मग तिने कागद परत ओढून छातीशी धरला आणि म्हणाली, "म्हणजे चूक झाली ना त्यांची? मी म्हटलंच होतं. आहेत ना ते?"

महोदय, मला तिला सांगावे लागले की चूक झालेली नाही. ते एकदा सांगून भागले नाही. घरच्यांनी, डॉक्टरांनी तिला जे सांगून झाले होते, ते मी एका हसण्याने पुसून टाकले होते, आणि आता ते पुन्हा मलाच, जाळीतून, पहिल्यापासून सांगायचे होते. पाऊण तास गेला. एरंडेल आपली खिडकी बंद करून बाहेर आले आणि तिच्याजवळ उभे राहिले. त्यांचा तो चेहरा त्या दिवशी उपयोगी पडला. ती त्यांच्याकडे बघून रडू शकली.

त्यानंतर मी दात काढून खिशात ठेवला आणि उरलेला दिवस हसलो नाही. नेमकी त्याच दुपारी अचानक तपासणी झाली.

संध्याकाळी दोन पाकिटे आली. एकात 'नागरिकाच्या दुःखद प्रसंगी अनुचित हास्य केल्याबद्दल' खुलासा मागितला होता. दुसऱ्यात 'कर्तव्यावर असताना विहित हास्य न केल्याबद्दल'. जावक क्रमांक एकापाठोपाठ एक होते आणि दोन्हींवर सही आपलीच होती. आपल्यासमोर दिवसभरात कितीतरी कागद येतात, हे मी समजू शकतो. मी दोन्हींना एकच खुलासा दिला : 'चूक झाली. कोणती ते कळवावे.' त्यावर आस्थापना शाखेचे उत्तर आले की स्मित 'प्रसंगोचित, दुःखात सहभागी होणारे, परंतु दात दिसणारे' असावे. (प्रत सोबत.)

मॅडमनी मला असे स्मित करून दाखवले. त्यास त्या 'स्मित क्रमांक तीन' म्हणतात. भुवया आत, मान किंचित कलती, दात सहा. मी ते शिकलो. मन लावून शिकलो, हे मला कबूल केलेच पाहिजे. मला सात नंबरची खिडकी सोडायची नव्हती. रोज बसून बसून ते स्मित माझ्या चेहऱ्याला इतके चिकटले की दूधवाल्याकडेही मी तसाच बघू लागलो. त्याने घाबरून विचारले, "काका, घरी सगळं बरं आहे ना?"

८. त्याच महिन्यात माझी ताई गेली.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई आजारी असायची म्हणून मला तिनेच वाढवले. शाळांचे गणवेश शिवायची. मी शाळेत जाताना तोंडात टाचण्या धरून, माझी हनुवटी घट्ट पकडून, पाण्याने भांग पाडायची आणि मी हललो की टाचण्यांमधूनच ओरडायची. कार्यालयात नीटनेटके यावे हे मला परिपत्रकाआधी चाळीस-पंचेचाळीस वर्षे तिने शिकवले आहे. ही माहिती अर्जास आवश्यक नाही, पण लिहिली गेली, राहू द्यावी.

मी पाच दिवस रजेवर होतो. सहाव्या दिवशी नोंद करायला आलो. नातेवाइकाची नोंद स्वतःच्या हाताने करता येत नाही, हा नियम मला पाठ आहे, म्हणून रांगेत उभा राहिलो. पाचवा नंबर होता. माझ्या रजेत आदर्श नमुना म्हणून सातवर स्वतः मॅडम बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखले नाही. दाढी वाढलेली, केसांची मुळे पांढरी, दात घरीच राहिलेला.

"सुस्वागतम्," मॅडम म्हणाल्या. स्मित क्रमांक तीन. अगदी बिनचूक. "मृताचं नाव?"

"ताई," मी म्हणालो.

"पूर्ण नाव सांगा, काका."

हा प्रश्न मी स्वतः एकोणीस वर्षे लोकांना विचारत आलो. लोक गप्प बसले की मला वाटायचे, गोंधळात विसरले असतील. महोदय, कोणी विसरत नाही. मी माझ्या बहिणीचे नाव आयुष्यात एकदाही घेतलेले नव्हते. तिला ताईच म्हणायचो. ते नाव पहिल्यांदा म्हणायचे आणि तेही या खिडकीवर, म्हणून ते तोंडातून निघत नव्हते. शेवटी मी ते कागदावर लिहून जाळीखालून सरकवले.

आणि कागद सरकवताना मी हसलो. मला हसायचे नव्हते. पण समोर कोणी स्मित क्रमांक तीन केले की माझा चेहरा आपोआप तेच करू लागला होता. भुवया आत, मान कलती. मी गाल हातांनी धरून खाली ओढून पाहिले. ते उतरेना.

मॅडमनी नोंद केली. अक्षर सुरेख आहे त्यांचे. माहिती देणाऱ्याची सही म्हणून रजिस्टर माझ्यापुढे केले. मी सही केली. त्यांनी दाखला दिला, म्हणाल्या, "पुन्हा अवश्य या," आणि मग त्यांची नजर सहीवर गेली. माझी सही त्या रजिस्टरच्या प्रत्येक पानावर आहे.

त्यांनी वर पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचे सगळे गळून पडले, आणि त्या एकदम लहान दिसू लागल्या.

"काका," त्या म्हणाल्या, "तुम्ही कशाला हसलात?"

मी म्हणालो, "तुम्हीच शिकवलंत."

हे मी टोमणा म्हणून म्हटले नव्हते. त्यांनी विचारले, मी सांगितले. मॅडमनी खिडकी बंद केली. ती दहा मिनिटे बंद होती. माझ्या मागे सहाजण उभे होते, त्यांपैकी एकानेही 'किती वेळ' असे विचारले नाही.

९. तिसरी तपासणी त्यानंतर तीन दिवसांनी झाली. मी रंग लावला नव्हता, फवारा मारला नव्हता, दात घातला नव्हता. मला एकूण अठ्ठावीस गुण पडले. प्रसन्नतेसमोर शून्य आहे. परंतु त्या शून्याशेजारी, शेऱ्याच्या रकान्यात, मॅडमनी स्वतःच्या हाताने 'योग्य' असे लिहिले आहे व त्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत. कृपया गुणपत्रक पाहावे. त्याच आठवड्यात त्यांची नेमणूक संपली. जाताना त्या खिडकीवर येऊन म्हणाल्या, "काका, गरज पडली तर मी लेखी देईन." मी म्हटले, दिलेच आहे की.

आस्थापना शाखेने मात्र कळवले की 'शेरा गुणांत धरता येत नाही, शून्य हे शून्यच धरण्यात येते', आणि बदली आदेश काढला. त्याप्रमाणे मी गेल्या सोमवारपासून तळघरात हजर आहे. येथे जुनी रजिस्टरे आहेत, एक दिवा आहे आणि बाह्यस्वरूप पाहणारे कोणी नाही. मी तक्रार करत नाही. परंतु सोमवारी दुपारीच जे सुरू झाले, ते आपल्या कानावर घालणे माझे कर्तव्य आहे, कारण ते बेकायदा आहे आणि त्यात माझाही हात आहे.

१०. सोमवारी दुपारी एक बसचालक गणवेशातच जिना उतरून आला आणि माझ्यासमोर घड्या घातलेला कागद ठेवला. मी म्हटले, "खिडकी वर आहे, सात नंबर."

"वर जाऊन आलो," तो म्हणाला. "तिथं फार उजेड आहे. तुम्हीच लिहा."

सातवर आता परवाना शाखेतील एक कन्या बसते. तिला ब्याण्णव गुण आहेत. मुलगी गुणी आहे, तिच्याविरुद्ध माझे काही नाही. मी बसचालकाची माहिती एका कोऱ्या कागदावर लिहून घेतली, वर जाऊन तिला दिली, तिने नोंद करून शिक्का मारला, मी दाखला खाली आणून दिला. एकदाच, अडल्या माणसासाठी, असे मनाशी म्हटले.

मंगळवारी चौघे आले. त्यांना फाटकावरच्या पहारेकऱ्याने पाठवले होते. बुधवारी एरंडेल आपली खिडकी सोडून लोकांना जिन्यापर्यंत आणून पोहोचवू लागले. हटकले तर म्हणाले, "मी फक्त बोट दाखवतो." काल दिवसभरात चौदा मृत्यूंच्या नोंदी झाल्या, त्यांपैकी अकरा तळघरातून वर गेल्या. काल संध्याकाळी सातवरची मुलगी स्वतः खाली आली. मला वाटले, भांडायला आली. ती पायरीवर बसली आणि दोन्ही गाल चोळत म्हणाली, "काका, मीच सांगते लोकांना खाली जा म्हणून. तुम्हाला एक विचारू? हे उतरवतात कसं? घरी गेले तरी तसंच राहतं. आई म्हणते, भांडतानाही हसतेस."

तिला गरम पाण्याने शेक, म्हटले.

११. तरी आपणास नम्र विनंती :

(अ) खिडकी क्रमांक सात 'प्रसन्नता' या शीर्षातून वगळावी. बाकीचे पन्नास गुण कायम ठेवावेत. नखे मी नियमित कापतो.

(ब) मला खिडकी सातवर परत घ्यावे व त्या मुलीस पुन्हा परवाना शाखेत पाठवावे. तिथे हसण्यासारखे पुष्कळ असते, असे ऐकतो.

(क) हे शक्य नसल्यास, तळघरातून मृत्यू नोंदीची माहिती घेण्यास मला रीतसर परवानगी द्यावी. अन्यथा मी दररोज नियम मोडत आहे, आणि सव्वीस वर्षांत मला ती सवय नाही.

(ड) यांपैकी काहीही मंजूर होण्यास वेळ लागणार असेल तर तोवर जिन्यात एक बाक ठेवण्याची तरी कृपा व्हावी. जिना अरुंद आहे, कठडा एकाच बाजूला आहे, आणि येणारे बहुतेकजण काही दिवस झोपलेले नसतात.

आणखी दोन-तीन मुद्दे लिहायचे होते. पण आत्ता पायऱ्यांवर तिघे उभे आहेत. सर्वांत पुढे एक आजी आहेत. "तुमचं लिहून होऊ दे, मला घाई नाही," असे त्या म्हणाल्या. मी पाहिले, त्यांनी भिंतीला हात टेकला आहे. त्यांना आणखी उभे ठेवणे बरे नाही, म्हणून अर्ज येथेच संपवतो.

आपला, चेहरा वगळता सर्वस्वी आज्ञाधारक,

(सही)
ज्येष्ठ लिपिक, मृत्यू नोंद
सध्या मुक्काम तळघर

दिनांक : चालू महिन्याची नऊ, शुक्रवार, सकाळी साडेअकरा
सोबत : वर उल्लेखलेली कागदपत्रे, एकूण नऊ पाने